बस्ता ग्वाल्हेरचा, लग्न लंडनला!

कामठी : लग्न ठरले, की घरात पहिली लगबग सुरू होते ती बस्त्याची. याद्या होतात, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दुकानाच्या गादीवर ठाण मांडून बसतात आणि नवरीच्या शालूपासून मानापानाच्या लुगड्यांपर्यंत एकेक वस्त्र पारखून घेतले जाते. कन्हान नदीच्या काठावरील या छावणीच्या गावातही लग्नसराईचा रंग वेगळा नसतो. बनारसी शालू आणि पैठणीच्या शेजारी हल्ली शिफॉन-जॉर्जेटच्या तलम साड्यांचीही चवड असते. या हलक्या साडीला भारतीय घरंदाज स्त्रीच्या पोशाखात मान मिळवून देण्याचे श्रेय ज्या स्त्रीला दिले जाते, ती मराठी होती. बडोद्याची राजकन्या आणि कूचबिहारची महाराणी इंदिराराजे हे तिचे नाव. ज्या लग्नासाठी तिचा बस्ता बांधला गेला ते लग्न मात्र कधी झालेच नाही.

राजघराण्यातील वधूंच्या वस्त्रांविषयीचे कुतूहल जगभर सारखेच आहे. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांनी १८४० मध्ये विवाहप्रसंगी पांढरा पोशाख केला आणि त्यावर होनिटनची लेस लावून त्या धंद्यातील कारागिरांना हात दिला. पांढरा रंग युरोपातील नवरीचा रंग म्हणून रुजला तो त्यानंतर. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात, १९४७ मध्ये, राजकन्या एलिझाबेथ यांना लग्नाच्या कापडासाठी रेशनची कुपने वापरावी लागली. १९५६ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली मोनॅकोची राजवधू झाली, तेव्हा तिचा पोशाख चित्रपटसृष्टीतील वेशभूषाकार हेलन रोज यांनी घडवला. १९८१ मध्ये डायना यांच्या झग्याचा २५ फूट लांबीचा घोळ जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. या सर्व पोशाखांची वर्णने इतिहासात नोंदली गेली. इंदिराराजेंच्या लग्नाची चर्चाही त्या काळी साऱ्या हिंदुस्थानात झाली. पण ती वस्त्रांमुळे नव्हे, तर नवरीने स्वतः घेतलेल्या निर्णयामुळे.

सुधारकाची लेक

इंदिराराजे यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा. वडील महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे आणि आई महाराणी चिमणाबाई दुसऱ्या. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले आणि खेड्यातील या मुलाने पुढे बडोदे संस्थानाला देशातील सर्वांत प्रगत संस्थानांच्या पंक्तीत नेऊन बसवले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८८५ मध्ये त्यांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी झाला. याच चिमणाबाई दुसऱ्या. मुलांच्या पाठीवर झालेली इंदिरा ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी बांधून पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा हेच तिचे घर.

या घरातील वातावरण इतर राजवाड्यांपेक्षा वेगळे होते. १९०४ मध्ये बडोद्यात बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. महाराज सहकुटुंब युरोपला जात. साहजिकच राजकन्येचे शिक्षण बडोद्यात तसेच इंग्लंडमध्येही झाले. घोडेस्वारी, भाषा, वाचन यांत ती भावांच्या बरोबरीने वाढली. चिमणाबाईंनी १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या समाजातील स्थानावर एक इंग्रजी ग्रंथ सहलेखकासह प्रसिद्ध केला. पुढे १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. अशा आईवडिलांच्या पोटी जन्मलेली मुलगी पडद्याआड बसून राहील, ही अपेक्षाच चुकीची होती.

तरीही तिचे लग्न ठरले ते परंपरेच्या चाकोरीतूनच. वर होते ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे. पेशवाईतील सरदारांनी उभारलेली ही दोन मातब्बर मराठा राज्ये. त्यांची सोयरीक म्हणजे दुधात साखर, अशीच साऱ्यांची भावना होती. माधवरावांचा जन्म १८७६ चा. म्हणजे ते इंदिराराजेंपेक्षा १५ वर्षांहून अधिक वयाने मोठे. कारभारात दक्ष आणि स्वभावाने विनोदी असा त्यांचा लौकिक होता. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही पर्यटकांचे आकर्षण आहे. त्यांचा पहिला विवाह झालेला होता, परंतु संतती नव्हती. म्हणजेच इंदिराराजे ग्वाल्हेरला जाणार होत्या त्या दुसऱ्या राणी म्हणून. ग्वाल्हेरच्या राणीवशात पडदा कडक होता. युरोपच्या आगबोटींवर आणि लंडनच्या रस्त्यांवर मोकळेपणाने वावरलेल्या मुलीला पुढचे सारे आयुष्य चिकाच्या आड काढावे लागणार होते.

वाङ्निश्चय झाला आणि राजवाड्यात बस्त्याची तयारी सुरू झाली. मराठा राजघराण्यातील विवाहाचा बस्ता म्हणजे केवळ कापडखरेदी नव्हे, तर त्या घराण्याच्या प्रतिष्ठेचे प्रदर्शनच. पैठणचे जरीकाम, बनारसचे शालू आणि खुद्द ग्वाल्हेर राज्यातच विणली जाणारी चंदेरी ही त्या काळच्या मराठा सरदार घराण्यांची मानाची वस्त्रे. लेकीच्या लग्नाची खरेदी आणि समारंभाची आखणी बरीच पुढे गेली होती. एवढ्यात १९११ साल उजाडले आणि साऱ्या संस्थानिकांना दिल्लीचे बोलावणे आले.

दरबारातील दोन प्रकरणे

१२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज यांचा दिल्ली दरबार भरला. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा याच दरबारात झाली. एकेक संस्थानिक रत्नजडित पोशाखात पुढे येऊन सम्राटांना मुजरा करीत होता. सयाजीराव मात्र साध्या पांढऱ्या वेशात, अंगावर दागदागिने न मिरवता आले. किंचित लवून त्यांनी अभिवादन केले आणि पाठमोरे होऊन ते परतले. रिवाजाप्रमाणे सम्राटांकडे तोंड ठेवून मागे सरायला हवे होते. या प्रकाराने ब्रिटिश वृत्तपत्रांत गहजब उडाला. बडोद्याच्या महाराजांवर राजद्रोहाचा संशय व्यक्त होऊ लागला आणि अखेर त्यांना लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. वेशभूषेचा आणि वागणुकीचा राजकीय अर्थ कसा लावला जातो, हे गायकवाड कुटुंबाने त्या आठवड्यात पुरेपूर अनुभवले.

त्याच दिल्लीत, संस्थानिकांच्या तंबूंच्या नगरीत, दुसरे एक प्रकरण आकाराला येत होते. कूचबिहारच्या राजकुटुंबाचा तळ तेथे पडला होता. हिमालयाच्या पायथ्याशी, बंगाल आणि आसामच्या सीमेवर वसलेले हे लहानसे संस्थान. बडोद्याला २१ तोफांची सलामी, तर कूचबिहारला १३ तोफांची. मात्र या घरातील तरुण मंडळी इंग्लंडमध्ये शिकलेली, क्रिकेट-पोलोत रमणारी आणि दिलखुलास होती. आज १९ वर्षांखालील मुलांच्या क्रिकेट स्पर्धेत ज्याचे नाव ऐकू येते तो कूचबिहार करंडक याच घराण्याची देणगी. महाराजांचे धाकटे बंधू जितेंद्र नारायण आणि इंदिराराजे यांची ओळख दरबाराच्या या धामधुमीत वाढली आणि दोघे एकमेकांच्या प्रेमात पडले.

आधीच ठरलेले लग्न आणि मनाने घेतलेली वेगळी वाट यांतून काय निवडायचे, हा प्रश्न त्या काळच्या राजकन्येपुढे सहसा उभाच राहत नसे. कारण निवड तिच्या हाती नव्हतीच. इंदिराराजेंनी मात्र कोणाचाही सल्ला न घेता थेट माधवराव शिंद्यांना पत्र लिहिले आणि आपण हा विवाह करू इच्छित नसल्याचे कळवले. आईवडिलांना याची गंधवार्ताही नव्हती. ग्वाल्हेरहून खुलासा विचारणारी तार सयाजीरावांच्या हाती पडली, तेव्हा कुठे राजवाड्याला हे वृत्त समजले.

सुधारकाची कसोटी

या बातमीने बडोद्याच्या राजवाड्यावर जणू वीजच कोसळली. दरबारातील प्रकरणाचा धुरळा खाली बसला नव्हता, तोच सोयरीक मोडल्याची नामुष्की. शिंद्यांनी कटुता वाढवली नाही, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. पुढे त्यांचा विवाह गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी झाला आणि ग्वाल्हेरला वारस लाभला. ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय याच गजराराजेंच्या नावाने ओळखले जाते.

सयाजीराव आणि चिमणाबाई यांचा विरोध मात्र ठाम होता. त्यांच्या दृष्टीने जितेंद्र नारायण यांच्यात अनेक उणिवा होत्या. ते मराठा नव्हते. ते गादीचे वारस नव्हते. त्यांचे राज्य लहान होते आणि घराण्याची राहणी अति पाश्चात्त्य, मद्यपानाने पोखरलेली म्हणून बदनाम होती. शिवाय ते ब्राह्मो समाजी. त्यांच्या मातोश्री सुनीतिदेवी या ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या. १८७८ मध्ये सुनीतिदेवींचे लग्न कूचबिहारच्या नृपेंद्र नारायण यांच्याशी झाले, तेव्हा वधूचे वय समाजानेच आग्रहाने पुरस्कारलेल्या मर्यादेपेक्षा कमी होते. बालविवाहाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या नेत्याने स्वतःच्या मुलीच्या बाबतीत तत्त्वाला मुरड घातली, असा आरोप झाला आणि ब्राह्मो समाजात फूट पडून साधारण ब्राह्मो समाज जन्माला आला. म्हणजे एका पिढीपूर्वी मुलीच्या लग्नावरून कलकत्त्यातील एक सुधारक अडचणीत आला होता. आता पाळी बडोद्याच्या सुधारकाची होती.

स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणे वेगळे आणि शिकलेल्या लेकीने स्वतःचा वर स्वतः निवडणे पचवणे वेगळे. जातीपलीकडच्या विवाहाला समाजाची मान्यता नव्हतीच. कायद्याचा मार्गही अवघड होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७२ च्या विवाह कायद्यान्वये नोंदणी विवाह करायचा, तर वधूवरांना आपण हिंदू धर्म मानीत नसल्याचे लिहून द्यावे लागे. सयाजीराव-चिमणाबाईंनी दोघांची ताटातूट करण्याचे प्रयत्न केले. राजकन्येवर पहारा बसला, पत्रव्यवहारावर नजर राहू लागली, युरोपच्या प्रवासातही तिला एकटे सोडले जाईना. तरीही चोरून पत्रे जात राहिली, गाठीभेटी होत राहिल्या. हा संघर्ष दीड वर्षाहून अधिक काळ चालला. फेब्रुवारी १९१३ मध्ये इंदिराराजेंनी वयाची २१ वर्षे पूर्ण केली. आता मुलीने घर सोडून पळून जाण्यापेक्षा संमती देऊन मोकळे व्हावे, इतकाच पर्याय मातापित्यांपुढे उरला. त्यांनी नाइलाजाने परवानगी दिली. पण ती लंडनमध्ये आणि आपल्या अनुपस्थितीत लग्न करण्याची.

ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनमधील एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने हा विवाह पार पडला आणि पॅडिंग्टनच्या नोंदणी कार्यालयात त्याची कायदेशीर नोंद झाली. ज्या मुलीच्या लग्नात हत्ती झुलायचे, नगारे वाजायचे आणि साऱ्या शहराला भोजन मिळायचे, तिच्या लग्नाला माहेरचे आईवडीलही नव्हते. बडोद्याच्या मांडवाखाली अंतरपाट धरला गेला नाही, की मंगलाष्टकांचा गजर झाला नाही.

याच वर्षीची आणखी एक घटना येथे नमूद करण्यासारखी आहे. लंडनमधील या लग्नाच्या महिनाभर आधी बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव रामजी आंबेडकर हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला होता. त्या शिष्यवृत्तीचे मोल कामठीकरांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बाबू हरदास यांच्या कार्याने जागे झालेल्या या गावात १९३२ मध्ये अस्पृश्य वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेचे अधिवेशन भरले होते. एका परक्या तरुणासाठी जातीची भिंत ओलांडणारे सयाजीराव स्वतःच्या मुलीसाठी ती ओलांडताना अडखळले. मोठ्या माणसांच्या चरित्रातील असे विरोध झाकून ठेवण्याचे कारण नाही; त्यांतूनच त्यांची माणूसपणाची बाजू कळते.

महाराणी आणि वैधव्य

नियतीचा खेळ असा, की लग्नाला महिना उलटण्याच्या आतच, सप्टेंबर १९१३ मध्ये, जितेंद्र नारायण यांचे थोरले बंधू महाराजा राजेंद्र नारायण यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. धाकट्या राजपुत्राशी लग्न केले म्हणून ज्यांना दोष दिला गेला, त्या इंदिराराजे अशा रीतीने अचानक कूचबिहारच्या महाराणी झाल्या. मराठी माहेर आणि बंगाली सासर यांचा मेळ घालत त्यांनी संसार मांडला. इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका ही पाच अपत्ये त्यांना झाली. नातवंडांच्या आगमनाने बडोद्याचा दुरावाही हळूहळू ओसरला आणि लक्ष्मीविलास राजवाड्याचे दरवाजे लेकीसाठी पुन्हा उघडले.

सुखाचा हा काळ जेमतेम नऊ वर्षांचा ठरला. २० डिसेंबर १९२२ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशीच, जितेंद्र नारायण यांनी लंडनमध्ये शेवटचा श्वास घेतला. तेव्हा इंदिराराजे होत्या अवघ्या ३० वर्षांच्या. थोरला मुलगा नुकताच सात वर्षांचा झालेला, तर धाकटी मेनका दोन वर्षांची. पाच लेकरांना घेऊन त्या हिंदुस्थानात परतल्या त्या नखशिखान्त पांढऱ्या वस्त्रांत. युरोपात नवरीने ल्यायचा रंग आपल्याकडे विधवेच्या वाट्याला येतो. इंदिराराजेंच्या आयुष्यात तो असा अवेळी आला.

त्या काळच्या विधवेने, मग ती राणी का असेना, एका कोपऱ्यात बसावे अशी रीत होती. इंदिराराजेंपुढे मात्र राज्य होते. अल्पवयीन महाराजांच्या वतीने त्यांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली आणि १९३६ मध्ये जगद्दीपेंद्र नारायण यांच्याकडे अधिकार सोपवेपर्यंत सांभाळली. एकीकडे संस्थानाचे व्यवहार, दुसरीकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांची करडी नजर आणि तिसरीकडे पाच मुलांचे शिक्षण अशी ही तारेवरची कसरत होती. त्यांच्या खर्चिक राहणीवर, युरोपातील जुगारघरांतील वावरावर टीकाही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. लहानशा संस्थानाच्या तिजोरीला झेपेल त्याहून त्यांचा हात सैल होता.

शिफॉनचा जन्म

याच काळात त्यांच्या पोशाखाने जगाचे लक्ष वेधले. वैधव्याचा पांढरा रंग पाळायचा, पण जाडाभरडा वेश करून लोकांपुढे दीनवाणे उभे राहायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. जड रेशमी वस्त्रे उन्हाळ्यात नकोशी होतात आणि सुती साडी समारंभात साधी वाटते. या दोन्हींवरचा उपाय त्यांना फ्रान्समध्ये सापडला. पीळ दिलेल्या अतिशय बारीक रेशमी धाग्यांची विरळ वीण म्हणजे शिफॉन. हे कापड वजनाला हलके, हवेशीर आणि अंगावर सुरेख चुणीने पडणारे. तोवर ते मुख्यतः युरोपीय स्त्रियांच्या झग्यांसाठी वापरले जाई आणि साडीला लागणाऱ्या पन्ह्यात मिळत नसे. इंदिराराजेंनी पॅरिसमधील एका पेढीला गळ घालून ४५ इंच पन्ह्याचे शिफॉन खास साडीसाठी विणवून घेतले. फिकट रंगाची शिफॉनची साडी आणि गळ्यात मोत्यांच्या माळा ही त्यांची ओळख बनली. हळूहळू इतर संस्थानांच्या राण्यांनी तिचे अनुकरण केले.

नेसण्याच्या पद्धतीतही हे स्थित्यंतर दिसते. बडोद्याच्या राजवाड्यात काष्ट्याच्या नऊवारीचा मान होता. बंगालमधील ब्राह्मो कुटुंबांत मात्र निऱ्या समोर घेऊन पदर खांद्यावर टाकण्याची, पोलक्यासह साडी नेसण्याची पद्धत रूढ झाली होती. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी ही धाटणी घडवली, तीही मुंबईच्या वास्तव्यात पारशी आणि गुजराती स्त्रियांचा पेहराव पाहून. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरून बंगालला गेलेली नेसण बडोद्याच्या लेकीने तिकडे जाऊन स्वीकारली आणि तिला शिफॉनची जोड दिली.

त्यांच्या हौसेच्या कथा अनेक आहेत. इटलीतील प्रख्यात पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी एकदम १०० जोड बनवण्यास सांगितले आणि त्यांतील काहींसाठी स्वतःच्या संग्रहातील हिरे-मोती पाठवून दिले, ही हकिकत तर फेरागामो यांनीच आत्मचरित्रात नोंदवली आहे.

लेकींची लग्ने

काळाने इंदिराराजेंपुढेही तोच प्रश्न आणून ठेवला, जो त्यांनी आपल्या आईवडिलांपुढे उभा केला होता. थोरली लेक इला हिने त्रिपुरा राजघराण्यातील तरुणाशी घरच्यांना न कळवता नोंदणी विवाह केला. ते समजल्यावर ज्या स्त्रीने स्वतः घरच्यांचा रोष पत्करून लग्न केले होते, तीच आई म्हणून संतापली आणि सर्व विधींसह पुन्हा लग्न लावले गेले.

धाकट्या गायत्रीदेवींच्या बाबतीत पेच अधिक अवघड होता. त्यांनी जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह यांना वरले होते. मानसिंहांच्या दोन राण्या आधीच होत्या. जयपूरचा पडदाही प्रसिद्ध होता. दुसरी राणी होण्याचे नाकारून ज्यांनी ग्वाल्हेरची सोयरीक मोडली, त्यांचीच मुलगी तिसरी राणी होऊ पाहत होती. इंदिराराजेंनी बराच काळ विरोध केला, लेकीला थांबायला लावले. पण तिचा निश्चय ढळत नाही हे पाहून अखेर संमती दिली. ९ मे १९४० रोजी कूचबिहारच्या राजवाड्यात हा विवाह थाटात झाला. लेकीच्या बस्त्यासाठी इंदिराराजेंनी युरोपभर खरेदी केली होती. चादरी-अभ्रे फ्लॉरेन्स आणि चेकोस्लोव्हाकियातून, पादत्राणे आणि पिशव्या फेरागामोंकडून, तलम वस्त्रे पॅरिसहून, अशी ती यादी होती. स्वतःच्या लग्नात जे राहून गेले, ते आईने मुलीच्या लग्नात पुरवून घेतले, असे म्हणता येईल. मुख्य म्हणजे सयाजीराव आणि चिमणाबाईंनी १९१३ मध्ये जे केले नव्हते ते त्यांनी केले. निर्णय पटला नसतानाही त्या मांडवात उभ्या राहिल्या.

गायत्रीदेवींनी आईची शिफॉनची साडी जयपूरला नेली आणि ती देशभर ओळखीची केली. १९४३ मध्ये त्यांनी जयपुरात मुलींची शाळा काढली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मते मिळवून त्यांनी विक्रम नोंदवला. त्या वेळी राजस्थानच्या खेड्यापाड्यांतून फिरणारी ही उमेदवार शिफॉनच्या साडीतच वावरत असे.

कूचबिहार संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. इंदिराराजेंचे अखेरचे दिवस मुंबईत गेले. ६ सप्टेंबर १९६८ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. कूचबिहारचा राजवाडा पुढे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात गेला आणि तेथे वस्तुसंग्रहालय झाले.

राजवाड्यातून बाजारात

शिफॉनचा प्रवास मात्र त्यांच्याबरोबर थांबला नाही. फ्रान्समधील रेशमाची जागा पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या धाग्याने घेतली, सुरतच्या गिरण्यांनी ते कापड मुबलक केले आणि राण्यांची साडी कारकुनाच्या पगारात बसू लागली. १९८९ च्या ‘चांदनी’सारख्या चित्रपटांनी तिला पुन्हा झळाळी दिली. या सोयीची दुसरी बाजूही आहे. १८२१ मध्ये ब्रिटिशांनी वसवलेल्या कामठीच्या छावणीभोवती जे गाव वाढले, त्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांचे माग धडधडत होते. नागपूर-उमरेडचे कोष्टी रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे विणत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून हातमागाला गिरणीशी झुंजावे लागले, पुढे यंत्रमागाशी आणि त्यानंतर कृत्रिम धाग्याच्या स्वस्त साडीशी. व्हिक्टोरिया राणीच्या पोशाखाने होनिटनच्या कारागिरांना काम दिले. आपल्या राण्यांच्या शिफॉनने काम दिले ते फ्रान्सच्या मागांना. इंदिराराजेंच्या चोखंदळपणाचे कौतुक करताना ही नोंद विसरता येत नाही.

त्यांची थोरवी शिफॉनपुरती मोजणे मात्र अन्यायाचे होईल. १९११ च्या हिंदुस्थानात, दोन बलाढ्य संस्थानांची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना, १९ वर्षांच्या एका मुलीने स्वतःच्या हाताने पत्र लिहून नको असलेले लग्न नाकारले. त्याची किंमत तिने माहेरच्या मांडवाशिवाय लग्न करून मोजली. आज कामठीच्या दुकानात बस्ता बांधायला नवरी स्वतः येते, साडी खांद्यावर टाकून आरशात पाहते आणि आवडली नाही तर बाजूला सारते. साडीच्या बाबतीत तिला मिळालेला हा नकाराचा अधिकार नवऱ्या मुलाच्या बाबतीतही तितकाच निर्विवाद आहे का, हे प्रत्येक घराने आपापल्या मनाशी तपासून पाहायला हरकत नाही.